जनाची परात, काकूंचं ऊन

“काकू, कुरडया उचला! आधी कुरडया उचला! पंधरा इमारतींतलं चित्र गेलंय!”

जना गच्चीच्या दारात उभा राहून ओरडत होता. आवाज असा की तिकडे कळव्याच्या खाडीत जाळं टाकून बसलेल्या माणसाने दचकून वर पाहिलं असेल. समोर निमाकाकू, कावळे हाकलायची काठी हातात धरून, जशा काही किल्ल्याच्या दरवाज्यात उभ्या. त्यांच्यामागे जनाची बारा फुटी डिश अँटेना आभाळाकडे तोंड करून बसलेली. आणि त्या डिशच्या पोटात, पांढऱ्या धोतरावर, कपड्यांच्या चिमट्यांनी पक्कं केलेलं वाळवण: गुलाबी, हिरव्या, पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या कुरडया. मोजून एकावन्न.

“उचलते की,” काकू म्हणाल्या. “वाळल्या की उचलते.”

“अहो, पाच वाजता उद्घाटन आहे माझं! नवीन सहा चॅनेल! कागद वाटलेत मी घरोघरी!”

“मग तुझं उद्घाटन पुढे ने. चीक घड्याळ बघत नाही.”

या प्रसंगी मी, म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, पाण्याच्या टाकीमागे होतो. लपलो होतो असं जना आजही चारचौघांत सांगतो. मी टाकीतली पातळी तपासत होतो. टाकी दुपारीच भरली होती, हा भाग वेगळा.

हे सगळं परवा आठवलं ते एका फोनमुळे. वैशाखातली सकाळ, अकराची वेळ, खिडकीबाहेर ऊन असं पांढरं की बघणाऱ्याच्या डोळ्यांत मीठ पडावं. फोनवर एक गोड आवाजाची मुलगी. “सर, आपल्या पॅकमध्ये आता पंचवीस नवीन एचडी चॅनेल आलेत. चित्र इतकं स्वच्छ, सर, की क्रिकेटच्या मैदानावरचं गवत मोजता येईल.”

मी विचारलं, “गवत ओलं की वाळलेलं?”

तिने मला होल्डवर टाकलं. तिकडे सतार वाजत राहिली आणि इकडे माझ्या नाकात थेट तीस-बत्तीस वर्षांपूर्वीच्या डोंबिवलीचा वास शिरला. भिजलेल्या गव्हाचा तो आंबूस वास. तिसऱ्या दिवसाचा. तो ज्याने घेतला नाही त्याला वैशाख म्हणजे नुसता उकाडा वाटतो.

त्या काळी आमच्या तीन मजली इमारतीत बारा बिऱ्हाडं होती आणि चैत्र-वैशाखात बाराही बिऱ्हाडांचा संसार गच्चीवर चालायचा. खाली फक्त माणसं झोपायची. कुणाचे उडदाचे पापड, कुणाचे सांडगे, कुणाची साबुदाण्याची फेणी. पहिल्या पंधरवड्यात कुणाचं ऊन कोणत्या कोपऱ्यात याचं वेळापत्रक जिन्यात लागायचं आणि ते शाळेच्या वेळापत्रकापेक्षा कडक असायचं. गच्चीची किल्ली निमाकाकूंच्या कमरेला. वाळवण पडलं की चपला घालून वर जायचं नाही, आणि चारच्या आत तर पुरुषमाणसाने कुठल्याच कारणाने जायचं नाही. आमचे एक शेजारी टीव्हीचा अँटेना फिरवायला दुपारी वर गेले, तर त्यांना उतरायला संध्याकाळ झाली. मधला वेळ त्यांनी कावळे हाकलले. त्यांना उत्तम जमायला लागलं होतं.

मी सेक्रेटरी झालो ती गोष्ट अशी. वार्षिक सभेतून बटाटेवडे आणायला म्हणून बाहेर गेलो आणि परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. वय अठ्ठावीस. अधिकार शून्य. पण गाऱ्हाणं घेऊन रोज कुणी ना कुणी दारात. पहिल्याच वर्षी जना आला.

जना म्हणजे बाळारामबाबांचा मुलगा. आमची इमारत उभी होती ती मुळात बाबांची भातजमीन. त्याआधी बाबा खाडीकाठच्या मिठागरात राबलेले, आणि तिथल्या उन्हाने रापलेला त्यांचा रंग पुढे इमारती आल्या, पैसा आला तरी उतरला नाही. जनाला मात्र ना शेत हवं होतं, ना मीठ. त्याला आकाश हवं होतं. जिन्याखालच्या खोलीत यंत्रं मांडून त्याने केबल सुरू केली. सरकारी टीव्हीवर दोन चॅनेल दिसत होते त्या काळात त्याने आम्हाला सहा दाखवले आणि रातोरात तो आमच्या गल्लीतला सगळ्यात मोठा माणूस झाला. भाजीवाली त्याला कोथिंबीर फुकट द्यायची.

मग त्याला बारा चॅनेलचं स्वप्न पडलं. त्यासाठी मोठी डिश हवी, त्या डिशला उंच गच्ची हवी, आणि उंच गच्ची आमची. मी परवानगी लिहून दिली. मला काय ठाऊक डिश केवढी असते? जना म्हणाला, “परातीएवढी असते रे.” मी परात म्हणजे परात समजलो. टेम्पोतून उतरली ती वस्तू बघून मला वाटलं, कुठल्याशा राक्षसाच्या लग्नात कणीक मळायला काढली असावी. जाळीची, चंदेरी, बारा फूट. तिच्या मधोमध तीन दांड्यांवर कणसासारखं एक यंत्र. चौदा जणांनी ती जिन्यातून चढवली. जिन्याचा एक कठडा त्या दिवसापासून वाकडा राहिला तो इमारत पाडेपर्यंत. बायकांनी मात्र तिचं नाव एका दिवसात ठेवून टाकलं: जनाची परात.

भांडणाचं मूळ परात नव्हतं. मूळ होतं तिची सावली.

परात बसली नेमकी काकूंच्या कोपऱ्याच्या बाजूला. सकाळी अकरा ते दुपारी तीन, म्हणजे चैत्र-वैशाखाचं जे खरं, खणखणीत, नाणं टाकलं तर वाजेल असं ऊन, ते सगळं परात आपल्या अंगावर घ्यायची आणि काकूंच्या वाळवणावर जाळीदार सावली पाडायची. आणि काकूंसाठी ते वर्ष साधं नव्हतं. त्यांच्या सुषमाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलाकडचे ठाण्याचे, नौपाड्यातले. बघायच्या कार्यक्रमात वरमाईंनी पोह्यांचा घास गिळून सहज म्हटलं होतं, “आमच्याकडे रुखवत बघायला अख्खा नौपाडा येतो हं.” बस्स. काका तर आंबिवलीच्या कारखान्यात पाळीवर, त्यांना लग्न आपल्या मुलीचं आहे एवढीच बातमी होती. काकूंनी त्या दिवशी मनाशी ठरवलं की रुखवताची एक वस्तूही विकत आणायची नाही. बायका सल्ला द्यायला लागल्या की निमा, कुरडया दुकानात मिळतात गं. काकू म्हणायच्या, “मुली पण मिळतात का दुकानात?”

आता पहिल्या घाण्याच्या कुरडया सावलीत दमट राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांना वास आला. काकू माझ्याकडे आल्या. हातात वाटी. वाटीत उडदाच्या पापडाच्या लाट्या, वर कच्चं तेल.

मी इथे प्रामाणिकपणे सांगतो. जगातल्या कुठल्याही सेक्रेटरीला कुठल्याही प्रलोभनाने विकत घेता येणार नाही, पण लाटी आणि तेल हे प्रलोभन नव्हेच. तो हल्ला असतो.

“तू जनाला परवानगी कशाची दिलीस?” काकूंनी विचारलं.

“गच्ची वापरायची,” मी दुसरी लाटी तोंडात टाकत म्हटलं.

“आणि गच्ची वाळवणासाठी वापरायची परवानगी मला आहे ना?”

“तुम्हाला तर आहेच.”

“मग परात कुठे आहे? गच्चीवर. म्हणजे ती पण गच्चीच. हो ना?”

माझं तोंड भरलेलं होतं. मी मान हलवली. कायदा असा तयार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकूंनी परातीत काकांचं जुनं धोतर पसरलं, कडा चिमट्यांनी जाळीला पकडल्या आणि सोऱ्या फिरवून गरम चिकाच्या कुरडया घातल्या. ओली कुरडई कापडाला धरून राहते, त्यामुळे उतारावरून घसरायचा प्रश्न नव्हता. कावळ्यांसाठी त्या कणसासारख्या यंत्राला काकांचा काळा पायमोजा बांधला. आणि काय सांगू! वरून ऊन, खालून जाळीतून वारा, बाजूंनी चंदेरी चमक. एरवी दोन दिवस घेणाऱ्या कुरडया त्या एका दिवसात वाळल्या. चार वाजता काकूंनी एक उचलून मोडली तर तिचा आवाज तळमजल्यावर ऐकू आला. मी तळमजल्यावर राहायचो, म्हणून खात्रीने सांगतो.

त्याच दिवशी सकाळी आठ वाजता गल्लीतल्या सगळ्या टीव्हींवर मुंग्या आल्या.

पुढचे दहा दिवस जनाने जे सोसलं ते शत्रूवरही येऊ नये. रोज सकाळी चित्र जायचं. अकरापर्यंत नुसत्या मुंग्या. दुपारी मुंग्यांत माणसं हलताना दिसायची. साडेतीनला चेहरे ओळखू यायचे आणि चारला चित्र असं स्वच्छ की जणू कुणी काच पुसली. जना दुपारी बाराला धापा टाकत काकूंकडे किल्ली मागायला यायचा. काकू म्हणायच्या, “बायका आहेत रे वर. चारनंतर ये.” चारनंतर तो वर जायचा तेव्हा परात रिकामी, कुरडया डब्यात, मोजा काकूंच्या पिशवीत. त्याने तारा बदलल्या. यंत्र बदललं. कल्याणहून एक जाणकार माणूस आणला. जाणकार साडेपाचला आला, त्याने परातीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, चहा प्यायला आणि सांगितलं, “भाऊ, चित्र तर मस्त आहे.”

“सकाळी नसतं ना!” जना रडकुंडीला आलेला.

“मग सकाळी बघू नका.”

गल्लीत नाना तर्क चालले होते. कुणी म्हणे, उपग्रह सकाळी दुसऱ्या देशावर असतो. कुणी म्हणे, त्याला ऊन लागतं. मला तर सगळं ठाऊक होतं. पण रोज दुपारी वाटी यायची, आणि भरल्या तोंडाने बोलू नये असं आईने शिकवलेलं.

आज वाटतं, त्या मुंग्यांच्या चित्रात आम्ही काय काय बघितलं! एक परदेशी बाई काहीतरी सांगायची. कुणाला वाटे बातम्या, कुणाला वाटे पाककृती. आम्ही सगळे मिळून ती काय सांगते ते ठरवायचो. संध्याकाळी चित्र साफ झालं की ती साबण विकताना निघायची आणि आमचा हिरमोड व्हायचा. दिसत नव्हतं तेव्हा एका चित्रात बारा घरांच्या बारा गोष्टी चालायच्या. हल्ली सगळं दिसतं आणि बघायला घरात एकटा मी.

तर अक्षय्य तृतीया. जनाने उद्घाटनाला तो मुहूर्त धरला, आणि काकूंनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला शेवटचा दिवस म्हणून तोच धरला. नौपाड्याच्या वरमाईंनाही बोलावणं गेलं. लग्न चार दिवसांवर. रुखवताच्या मधोमध मांडायच्या पाचरंगी कुरडया तेवढ्या राहिल्या होत्या. आंब्याची डाळ, पन्हं, आरास यांत काकूंना उशीर झाला आणि सकाळी सातच्या कुरडया बारा वाजता पडल्या. त्यात हवा कोंदट. गहू भिजवण्यापासून सुरुवात करायची तर तीन दिवस त्यातच जातात. या गेल्या की गेल्या.

आणि त्या दिवशी गच्चीचं दार उघडं राहिलं, जना वर आला, आणि सुरुवातीला सांगितलं ते ओरडणं झालं.

“मी उचलतो!” जना परातीकडे झेपावला.

“हात लावून बघ!” काकूंनी काठी आडवी धरली. “ओल्या कुरडईला हात लावलास की तिचा लगदा होतो. सुषमाच्या रुखवताचा लगदा करतोस?”

“आणि माझ्या धंद्याचा होतोय तो?” जनाचा आवाज फाटला. “रस्त्यापलीकडची माणसं आज बघायला आलीत, काकू. आज मुंग्या दिसल्या तर ती सगळी दुसऱ्याकडे जातील.”

मी टाकीमागे पातळी तपासत राहिलो.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून बाळारामबाबा वर आले. पांढरी टोपी, हातात जोडे. चपलांचा नियम बाबांनाही लागू. त्यांनी परात बघितली, कुरडया बघितल्या, वाकून एका कुरडईवर नुसती फुंकर घातली आणि बोट न लावता ती थरथरते कशी ते पाहिलं.

“बाबा, तुमीच सांगा हिला!” जना म्हणाला.

बाबा म्हणाले, “मिठागरात कच्चा मीठ उचलला त काय व्हतं रं?”

जनाने काकूंच्या काठीकडे पाहिलं.

“सांग ना. चिखल व्हतं. पंधरा दिसांचा ऊन फुकट जातं. पोरीचं लगीन हाय. वालू दे.”

“पण पाच वाजता…”

“मंग वारा घाल! तोंड काय घालतंस?”

आणि मग आमच्या इमारतीने जे केलं ते मी अनेकांना सांगितलं, कुणी विश्वास ठेवत नाही. बाराही घरांतून पंखे वर आले. टेबलावरचे, उभे, एक तर छताचा काढून आणला होता. तारांना तारा जोडल्या. ज्यांच्याकडे वीज पोचली नाही त्यांनी सुपं आणली, हातपंखे आणले, मी सोसायटीचं जाडजूड रजिस्टर आणलं आणि त्याने वारा घातला. त्या रजिस्टरचा तेवढाच उपयोग माझ्या कारकिर्दीत झाला. परातीसमोर एवढं वारं सुटलं की खाली रस्त्यावर एका रिक्षाचा पडदा उडून दुसऱ्या रिक्षाला लागला.

जिन्यात साखळी लागली. खाली टीव्हीसमोर बसलेले ओरडायचे, पहिला मजला ते दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला, तिसरा गच्चीला.

“मुंग्या आहेत!”

“मुंग्या कमी झाल्या!”

“डोकं दिसलं!”

“कुणाचं?” जना वरून.

“बाईचं! … नाही नाही, घोड्याचं!”

काकूंनी मान वर केली. दहा दिवस त्या कमरेच्या किल्लीने चित्र अडवत होत्या, कुरडईत ओल किती की चित्रात मुंग्या किती, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. “घोड्याचे कान दिसतात का विचार.”

विचारणा खाली गेली, उत्तर वर आलं. “एकच दिसतोय!”

“मग हिरव्या अजून ओल्या आहेत. डावीकडचा पंखा जवळ घ्या.”

अशात जिन्यातून वरमाई आल्या. हळदीकुंकवाला आलेल्या, तर खाली घरात कुणीच नाही. जरीची साडी, नाकात नथ. गच्चीत पाऊल टाकलं आणि समोर हे रामायण. आम्ही सगळे थिजलो. पंखे तेवढे फिरत राहिले. काकूंचा चेहरा असा पडला की मला लाटीची आठवण होऊन लाज वाटली. एवढे दिवस त्या एका बाईसाठी हे सगळं चाललं होतं, आणि तिला रुखवत दिसलं ते चार दिवस आधी, ओलं, काळ्या मोज्याखाली.

वरमाईंनी परातीभोवती फेरी मारली.

“अहो, वारा असा वरून काय घालता?” त्या म्हणाल्या. “कडा वाळतील आणि पोट ओलं राहील. खालून घाला. जाळी आहे ना?”

“खाली माणूस कसा शिरणार?” जना म्हणाला.

वरमाईंनी पदर खोचला, माझ्या हातातलं रजिस्टर काढून घेतलं आणि परातीखाली गेल्या. नौपाड्याची वरमाई, नथीसकट, डोंबिवलीच्या परातीखाली उकिडवी बसून वारा घालतेय आणि वरून काकू विचारतायत, “विहीणबाई, दमलात का?” आतून उत्तर, “पन्हं असेल तर चालेल!”

दिवस कलायच्या जरा आधी खालून आरोळी आली. “दोन्ही कान! दोन्ही कान दिसले! शेपटी पण!” काकूंनी एक केशरी कुरडई हलकेच सोडवली आणि कडेने मोडली. कट्. एकावन्नांतली तेवढी एक गेली. ती वरमाईंनी आणि काकूंनी अर्धी अर्धी खाल्ली, कच्चीच. खाली बाराही चॅनेल उजळले होते आणि रस्त्यापलीकडची माणसं टाळ्या वाजवत होती. दोन तासांत त्यांना चित्र जन्माला येताना बघायला मिळालं होतं. पहिल्यापासून स्वच्छ दिसलं असतं तर ती पाच मिनिटांत घरी गेली असती. जनाकडे त्या आठवड्यात एवढी नवी घरं आली की त्याला जिना चढायला वेळ मिळेना.

लग्नात रुखवताच्या मधोमध काकूंनी काय मांडलं असेल? पापडांची डिश अँटेना. तीन चकलीच्या काड्यांवर कणीस, आणि तिच्या पोटात पन्नास पाचरंगी कुरडया. बघायला लागलेली रांग नौपाड्यातून निघून स्टेशनाला वळसा घालून परत आली असं मी सांगतो. सुषमा म्हणते, वीसेक माणसं होती. सुषमाला तेव्हा मुंडावळ्यांतून नीट दिसत नव्हतं.

पुढच्या वैशाखात जनाने एक जुनी परात मिळवली आणि काकूंच्या कोपऱ्यात बसवून दिली. बिनतारेची. नुसती कुरडयांसाठी. गल्लीत बातमी पसरली की या इमारतीला दोन परातींतून चित्र येतं, आणि आणखी दोन इमारती जनाकडे आल्या.

आता ती इमारत नाही. टॉवर आहे. मी सातव्या मजल्यावर, समोरच्या दारात निमाकाकू, वय चौऱ्याऐंशी. गच्चीला कुलूप असतं आणि त्याची किल्ली कुणाच्याच कमरेला नाही. वैशाख येतो, ऊन तसंच खणखणीत पडतं आणि रिकाम्या लाद्यांवरून उठून निघून जातं.

मी त्या गोड आवाजाच्या मुलीला हो म्हटलं. माणूस आला, त्याने खिडकीबाहेर चहाच्या बशीएवढी डिश लावली आणि गेला. जना आंब्यांची पेटी घेऊन आलाच होता. टक्कल पडलंय, पण नवीन चॅनेल म्हटलं की अजून खुर्चीच्या कडेवर बसतो. मी काकूंना हाताला धरून आणलं. टीव्ही लावला. बातम्या देणारी बाई. तिची पापणी न् पापणी, पावडरीला गेलेला तडा, कानातल्या खड्याचे कंगोरे. एकही मुंगी नाही. जनाने खुर्ची आणखी पुढे ओढली. मग त्याने, त्या दिवशी गच्चीवर राहून गेलेलं असल्यासारखं, वाकून विचारलं, “काकू, कसं दिसतंय चित्र?”

काकूंनी चष्मा वर केला, पडद्याकडे जरा वेळ पाहिलं.

“जास्त वाळलंय. मोडेल.”